पुण्याहून वर्ध्याला: विमानाने की रेल्वेने?

माझे माहेर वर्ध्याचे आणि सासर पुण्याचे. लग्नाला 14 वर्षे झाली. दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी, चुलत-मावस भावंडांची लग्ने आणि अलीकडे आईबाबांची दुखणीखुपणी अशा निमित्तांनी वर्षातून चार-पाच खेपा तरी होतातच. प्रत्येक खेपेच्या आधी घरात एकच चर्चा रंगते: विमान की रेल्वे? विमान पुण्याहून नागपूरला सव्वा-दीड तासात पोहोचते आणि रेल्वेला वर्ध्यापर्यंत 13 तास लागतात, मग यात विचार करण्यासारखे काय आहे, असे माझ्या नवऱ्याचे म्हणणे असते. ऐकायला ते बिनतोड वाटते. तरीही विमानाने जाऊन आल्यावर मी जितकी थकते तितकी रेल्वेने थकत नाही आणि आठ-दहा तास वाचल्यासारखेही कधी वाटत नाही, हे बऱ्याच दिवसांपासून माझ्या लक्षात येत होते. म्हणून गेल्या वर्षी मी पुण्याच्या घराला कुलूप लावल्यापासून वर्ध्याच्या घराची कडी वाजवेपर्यंत केव्हा काय केले, ते दोन्ही प्रवासांत एका वहीत टिपून ठेवले.

विमानाची नोंद अशी आहे. शुक्रवारी संध्याकाळी 6 चे विमान होते. कोथरूडहून दुपारी 3 ला निघाले, कारण कर्वे रस्ता, बंडगार्डन, येरवडा आणि विमाननगर ओलांडून लोहगावच्या विमानतळावर पोहोचायला शुक्रवारी किती वेळ लागेल, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. 2024 च्या जुलैमध्ये लोहगावची नवी इमारत सुरू झाल्यापासून आतली गर्दी पुष्कळ आटोक्यात आली आहे, पण विमानतळापर्यंतचा रस्ता मात्र तोच आहे. मेट्रो वनाजहून रामवाडीपर्यंत जाते, विमानतळापर्यंत जात नाही; शेवटचा टप्पा बॅगा घेऊन बसने किंवा रिक्षाने करावा लागतो. सामान द्यायची खिडकी विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होते, त्यामुळे हाताशी वेळ राखूनच निघावे लागते. मी 4.20 ला पोहोचले. मग सामान देणे, सुरक्षा तपासणी, प्रतीक्षा, रांग, बस, पुन्हा रांग. विमान 6.15 ला उडाले आणि 7.35 ला नागपूरला उतरले. पट्ट्यावरून बॅग मिळायला 8 वाजले. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून बुटीबोरीमार्गे वर्धा साधारण 75 किलोमीटर आहे. टॅक्सीने घरी पोहोचले तेव्हा पावणेदहा झाले होते. दारापासून दारापर्यंत पावणेसात तास.

रेल्वेच्या वेळी वनाजहून मेट्रोने थेट पुणे रेल्वे स्थानकावर उतरले. घर सोडले तेव्हा पावणेपाच वाजले होते आणि गाडी साडेसहाला सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला वर्ध्याच्या फलाटावर उतरले आणि 8 ला घरात होते, कारण स्थानकापासून आमचे घर रिक्षाने 10 मिनिटांवर आहे. एकूण सव्वापंधरा तास. यांपैकी रात्री 10 ते सकाळी 6 असे 8 तास मी झोपले होते. म्हणजे जागेपणीचे तास उरले सव्वासात. विमानाने गेले असते तर या हिशेबाने वाचला असता अर्धा तास.

दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेले पाहिल्यावर मला माझ्या थकव्याचे कारण कळले. विमानाच्या पावणेसात तासांत सलग असा वेळ जवळजवळ नव्हताच. टॅक्सीत पाऊण तास, रांगेत वीस मिनिटे, बाकावर अर्धा तास, पुन्हा रांग, असे त्याचे तुकडे होते आणि प्रत्येक तुकड्यात लक्ष घड्याळाकडे, फलकाकडे किंवा बॅगेकडे लागलेले होते. रेल्वेचे सव्वासात तास मात्र सलग मिळाले. दौंड मागे पडेपर्यंत मुलीचा गणिताचा अभ्यास झाला, अहिल्यानगरच्या पुढे डबा उघडून पोळी, मेथीची भाजी आणि दाण्याची चटणी असे जेवण झाले, त्यानंतर मी तासभर वाचत पडले आणि मनमाड केव्हा येऊन गेले ते कळलेही नाही. सकाळी जाग आली तेव्हा गाडीने बडनेरा सोडले होते. चांदूर आणि धामणगाव गेले, वर्धा नदीच्या पुलावर चाकांचा आवाज बदलला आणि पुलगाव आले. कपाशीच्या काळ्या रानावर ऊन नुकते उतरत होते. मुलगी खिडकीच्या काचेला नाक लावून बसली होती. सासर-माहेरच्या मधले हे अंतर डोळ्यांनी पार केले की आपण माहेरी आलो आहोत ही जाणीव गाडीतच सुरू होते, विमानात ती टॅक्सीचे पैसे देईपर्यंत होत नाही.

हा हिशेब रेल्वेत झोप लागणाऱ्यांचा आहे, हे मान्य करायला हवे. माझ्या नवऱ्याला बर्थवर झोप लागत नाही. प्रत्येक थांब्याला तो जागा होतो. त्याच्या बाबतीत सव्वापंधराच्या सव्वापंधरा तास जागेपणीचेच ठरतात, आणि त्याने विमान निवडणे अगदी योग्य आहे. तसेच हा हिशेब रात्रीच्या गाडीचा आहे. 2025 च्या ऑगस्टपासून पुणे आणि नागपुरातल्या अजनी स्थानकादरम्यान वंदे भारत धावते. सुमारे 880 किलोमीटर ती 12 तासांत कापते, म्हणजे या मार्गावरच्या जुन्या गाड्यांपेक्षा ती वेगवान आहे. पण ती दिवसाची आणि फक्त आसनांची गाडी आहे. वर्ध्यापर्यंत जाण्यासाठी जवळजवळ पूर्ण दिवस बसून काढावा लागतो, त्यामुळे माझ्यासाठी ही वेगवान गाडी सावकाश जाणाऱ्या रात्रीच्या गाडीपेक्षा महाग पडते, पैशाने नव्हे तर दिवसाने. मनमाड, जळगाव, भुसावळ किंवा शेगावला जाणाऱ्यांसाठी मात्र ती मोठी सोय आहे आणि माझ्या एका मैत्रिणीने तर जळगावला जाण्यासाठी दुसरा कसलाही विचार करणे सोडून दिले आहे. या मार्गावर रात्रीची, झोपून जाता येईल अशी वेगवान गाडी मिळावी, असे मला मनापासून वाटते. तशी गाडी आली तर पुणे-नागपूर विमानाचे निम्मे प्रवासी रेल्वेकडे वळतील, असा माझा अंदाज आहे.

या मार्गाने गेल्या काही वर्षांत मोठा पल्ला गाठला आहे, याचाही उल्लेख करायला हवा. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला येऊन थांबे, इंजिन पुढून काढून मागे जोडले जाई आणि मग गाडी उलट्या दिशेने निघे. लहान मुलांना त्याची गंमत वाटे, मोठ्यांचा मात्र अर्धा तास तिथेच जाई. आता दौंडच्या कॉर्ड लाईनमुळे, म्हणजे मुख्य स्थानकाला बगल देणाऱ्या जोडमार्गामुळे, गाड्या इंजिन न बदलता सरळ पुढे निघतात. दौंड-मनमाड हा मार्ग वर्षानुवर्षे एकेरी होता आणि समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी एखाद्या आडबाजूच्या स्थानकावर आपली गाडी ताटकळत उभी राहणे नित्याचे होते. दुहेरीकरणाच्या कामामुळे तेही कमी होत आले आहे. पुणेकरांना मुंबईचा मार्ग जितका परिचयाचा आहे तितका हा मार्ग नाही, पण हजारो वैदर्भीय आणि खानदेशी कुटुंबांचे येणेजाणे याच रुळांवर अवलंबून आहे.

विमान दोनच ठिकाणे जोडते, हा मुद्दा वेळेच्या तुलनेत नेहमी राहून जातो. माझी नणंद अकोल्याला असते. तिथल्या शिवणीच्या विमानतळावरून नियमित विमानसेवा नाही. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचे तर दोन्हीकडे अडीचशे किलोमीटरच्या घरात प्रवास आहे. अमरावतीला बेलोऱ्याचे विमानतळ 2025 च्या एप्रिलमध्ये सुरू झाले आणि तिथून मुंबईला छोटे विमान जाऊ लागले, ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण पुण्याहून घरी जाणाऱ्या अमरावतीकराला आजही बडनेऱ्याला उतरणेच सोयीचे पडते. मला स्वतःला नागपूरला नव्हे, वर्ध्याला जायचे असते. विमान मला माझ्या गावावरून पुढे नेते आणि मग 75 किलोमीटर मागे आणावे लागते. आणि हे मागे येणे कधी घडते, तेही पाहावे लागते. एकटी बाई रात्री साडेदहाला सोनेगावला उतरून अनोळखी टॅक्सीने वर्ध्याला निघते तेव्हा घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. बाबा दर 10 मिनिटांनी फोन करतात. सकाळच्या उजेडात वर्ध्याच्या फलाटावर उतरण्यात ही काळजी नाही.

विमानाने जावे आणि त्यात काहीही विचार करू नये, असेही प्रसंग असतात. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी साडेचारला भावाचा फोन आला की बाबांना छातीत दुखू लागल्यामुळे दवाखान्यात हलवले आहे. त्या रात्रीच्या विमानात एक जागा मिळाली. किती पैसे दिले ते मी नंतरच पाहिले. मध्यरात्रीच्या आधी मी बाबांच्या खाटेजवळ होते आणि सकाळच्या गाडीची वाट पाहत पुण्यात रात्र काढली असती तर माझे काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. बाबा त्या दुखण्यातून पूर्ण बरे झाले. तेव्हापासून विमानाविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे.

मात्र नेहमीच्या प्रवासात विमानाच्या उशिराचे स्वरूप वेगळे असते. एका डिसेंबरमध्ये नागपूरहून परतताना रात्री 8 चे विमान आधी 9 ला, मग साडेदहाला आणि शेवटी साडेबाराला सुटणार असल्याचे सांगण्यात आले. प्रत्येक वेळी तासा-दीड तासाचीच मुदत मिळत गेल्यामुळे परत वर्ध्याला जाणेही शक्य नव्हते आणि मुलीला नीट झोपवणेही शक्य नव्हते. पहाटे 4 ला आम्ही कोथरूडला पोहोचलो आणि 9 ला कामावर हजर व्हायचे होते. रेल्वेला उशीर झाला तर निदान आपण आपल्या बर्थवर असतो. अर्थात गाडीत बसण्याआधीच उशीर झाला तर हालच होतात. लांबून येणारी एक गाडी आम्ही वर्ध्याच्या फलाटावर रात्री चार तास थंडीत वाट पाहून पकडली होती. त्या अनुभवानंतर मी एक नियमच केला. परतीच्या प्रवासासाठी शक्यतो नागपूरहून सुटणारी गाडी घ्यायची, बंगालमधून किंवा ओडिशातून येणारी घ्यायची नाही. जी गाडी आपल्या जवळच्या स्थानकावरून निघते तिला उशीर व्हायला फारसा वाव नसतो. गाडी 3 तासांहून अधिक उशिरा येणार असेल आणि आपण प्रवासच केला नाही, तर टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरून पूर्ण पैसे परत मिळतात, हे पुष्कळांना माहीत नसते.

रेल्वेची खरी अडचण वेगात नाही, तिकिटात आहे. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडू लागले. दिवाळीच्या तारखांचे आरक्षण सकाळी 8 ला उघडते आणि चहा होईपर्यंत वेटिंग सुरू झालेले असते. वर्ध्यासारख्या मधल्या स्थानकांवरून चढणाऱ्यांना बऱ्याच गाड्यांत वेगळ्या, छोट्या कोट्यातून जागा दिली जाते आणि त्या कोट्याचे वेटिंग सहसा पुढे सरकत नाही. माझ्या भावाने मला एक उपाय शिकवला: तिकीट गाडी जिथून सुटते त्या नागपूरपासूनचे काढायचे आणि चढण्याचे स्थानक वर्धा नोंदवायचे. थोडे जास्तीचे भाडे पडते, पण जनरल कोट्याचे वेटिंग कन्फर्म होण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. आरएसी मिळाले तर एका बर्थवर दोघांनी बसून जायचे, ही तयारी एकट्याने करता येते, आजारी माणसाबरोबर करता येत नाही. तत्काळचे तिकीट वातानुकूलित वर्गासाठी आदल्या दिवशी 10 ला आणि स्लीपरसाठी 11 ला उघडते, आणि सणाच्या दिवसांत त्यावर विसंबून राहणे मला तरी जमलेले नाही. विमानात पैसे मोजले की जागा मिळते. या एका कारणासाठी लोक विमानाकडे वळतात आणि त्यांना दोष देता येत नाही. ज्या मार्गावर रेल्वेची मागणी इतकी आहे त्या मार्गावर गाड्या वाढवणे, हा माझ्या मते कोणत्याही नव्या विमानतळाहून निकडीचा विषय आहे.

पैशाचा हिशेब फार लांबवण्याची गरज नाही. थर्ड एसीचे भाडे माणशी दीड हजारांच्या आसपास किंवा त्याहून कमी पडते. विमानाचे तिकीट दीड-दोन महिने आधी काढले तर मला चार-साडेचार हजारांत मिळाले आहे आणि दिवाळीच्या आठवड्यात ते 12 हजारांवर गेलेलेही मी पाहिले आहे. त्यात सोनेगाव ते वर्धा टॅक्सी वेगळी. चौघांच्या कुटुंबाला हा फरक सोसणे सोपे नाही. शिवाय देशांतर्गत विमानात सहसा माणशी 15 किलो सामान नेता येते. थर्ड एसीत ते 40 किलो आहे. वर्ध्याहून निघताना तुरीची डाळ, सांडग्या मिरच्या, लिंबाचे लोणचे आणि गोरसपाकाचे चार पुडे आई जेव्हा पिशव्यांत भरते तेव्हा ती 15 किलोंचा विचार करत नाही आणि तिने तो करावा अशी माझीही इच्छा नसते.

इतर अंतरांना हाच नियम लावता येईल का, याचा विचार मी बराच केला आहे. पुणे-मुंबईसाठी विमानाचा प्रश्नच उद्भवत नाही: 1930 पासून धावणारी डेक्कन क्वीन 192 किलोमीटर सव्वातीन तासांच्या आत पार करते आणि शहराच्या मध्यात सोडते. मुंबई-अहमदाबाद 491 किलोमीटर आहे आणि वंदे भारतने ते साडेपाच तासांच्या आसपास होते. बोरिवलीहून चढणाऱ्या माणसाला विमानाने यापेक्षा फार लवकर पोहोचता येईल, असे मला वाटत नाही. मुंबई-दिल्ली मात्र जवळजवळ 1,400 किलोमीटर आहे आणि तिथे राजधानीनेही 15-16 तास लागतात. एवढ्या अंतराला वेळेत विमान जिंकते. याच्या मधले, 500 ते 900 किलोमीटरचे अंतर खऱ्या विचाराचे आहे आणि नेमके तिथेच लोक फक्त उड्डाणाची वेळ पाहून निर्णय घेतात.

गोव्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. माझी मावशी मुंबईहून मडगावला लेकीकडे जाते. 2023 च्या जूनपासून सुरू झालेली वंदे भारत तिला पावणेआठ तासांत पोहोचवते, पण पावसाळी वेळापत्रक लागू झाले की त्याच प्रवासाला सुमारे 10 तास लागतात, कारण कोकण रेल्वेवर डोंगरकड्यांच्या बाजूने जाताना दरडींच्या भीतीमुळे गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागतो. हा कमी वेग सुरक्षिततेसाठी आहे आणि तो योग्यच आहे. विमानाने जायचे तर आधी कोणत्या विमानतळावर उतरायचे ते ठरवावे लागते. 2023 च्या जानेवारीत मोपा सुरू झाल्यापासून पुष्कळ विमाने तिथे उतरतात, पण मोपा पेडणे तालुक्यात, अगदी उत्तर टोकाला आहे. मांद्रे, हरमलला जाणाऱ्यांना ते जवळ, मडगावच्या मावशीला मात्र जुने दाबोळी विमानतळच बरे. सावंतवाडी, कुडाळ, कणकवलीच्या माणसाने तर घराजवळच्या स्थानकावर उतरावे, यात दुमत होण्याचे कारण नाही.

प्रदूषणाचा मुद्दाही माझ्या मनात असतो. विमानाचे इंधन उड्डाण करून उंची गाठताना सर्वाधिक वेगाने जळते, त्यामुळे प्रवास जितका छोटा तितका त्या चढणीचा वाटा मोठा. फ्रान्सने 2023 मध्ये, जिथे रेल्वेने अडीच तासांत जाता येते अशा काही देशांतर्गत मार्गांवरची विमाने कायद्याने बंद केली. आपल्याकडे बंदीची भाषा करण्याची वेळ आलेली नाही, कारण पर्याय म्हणून पुरेशा गाड्या आधी हव्यात. पण ज्याला दोन्ही पर्याय खरोखर उपलब्ध आहेत त्याने हा विचार जरूर करावा, असे मला वाटते.

येत्या फेब्रुवारीत आईच्या गुडघ्याची तपासणी पुण्यात करायची आहे. मी विमानाने घ्यायला येते, मग आपण दोघी विमानानेच पुण्याला जाऊ, असे मी तिला सुचवणार होते, पण तिने आधीच सांगून टाकले, "मले रेल्वेच बरी. विमानात पाय पसराले जागा नाही अन् बोलाले कोनी भेटत नाही." ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत 2020 च्या मार्चपासून बंद आहे आणि ती पुन्हा सुरू व्हावी, असे माझे ठाम मत आहे, खालच्या बर्थचा कोटा मात्र चालू आहे आणि त्यातून तिला जागा मिळाली आहे. मला शुक्रवारी कार्यालयातून लवकर निघता येणार नाही, म्हणून जाताना मी रात्रीच्या विमानाने जाणार आहे आणि भाऊ नागपूरला घ्यायला येईल. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी नागपूरहून सुटणाऱ्या गाडीत वर्ध्याला चढू. खालचा बर्थ तिचा, मधला माझा. डब्यात काय घ्यायचे ते तिने आतापासूनच ठरवून ठेवले आहे.